इसाराआधी चॅसिस नंबर दाखवा : सीमाभागातल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी पट्ट्यातील जुन्या गाड्यांचे व्यापारी, ऑटो कन्सल्टंट आणि एजंट मंडळी,

स.न.वि.वि.

अलीकडे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एक नवीन रीत धरली आहे. गिऱ्हाईक दारात आलं की गाडी दाखवायची, बॉनेट उघडून लगेच मिटायचं, आणि आरसीची (नोंदणीपत्राची) प्रत किंवा चॅसिस नंबर मागितला की सांगायचं, "आधी इसार द्या, मग कागद." नंबरप्लेटवर दुकानाच्या नावाची पाटी ठोकलेली असते, त्यामुळे मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून बघायचीही सोय राहत नाही. साध्या वॅगनआरच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाईल. पण ज्या गाडीच्या मागच्या, मॉडेलचं नाव सांगणाऱ्या बिल्ल्यालाच तुम्ही लाख-दोन लाख जास्त लावता, त्या गाडीचा बिल्ला खरा की खोटा हे इसार दिल्यावर कळणार असेल, तर तो व्यवहार आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करणारा माणूस. वेगवान गाड्यांचं वेड जुनं. ओळखीची मुलं जुनी गाडी बघायला निघाली की मला बरोबर नेतात. मी टॉर्च घेतो, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर घेतो आणि मोबदल्यात चहा-भजी घेतो. आपल्या भागात अशा गाड्यांची हौस किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी पहाटे चोर्ला घाटाच्या नाहीतर आंबोलीच्या रस्त्याला उभं राहिलं की केए २२, एमएच ०९ आणि गोव्याच्या पासिंगच्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा तुमच्याच दुकानांतून गेलेल्या. हे गिऱ्हाईक अडाणी नाही, पण हौसेपुढे घाईला येतं, आणि ती घाई तुम्ही बरोबर ओळखता.

माझा खानापूरचा भाचा अशाच घाईत सापडला. पुण्यात नोकरी करून त्याने पैसे साठवले, पोलो टीएसआयच, म्हणजे फोक्सवॅगनची टर्बो इंजिनवाली पोलोच, घ्यायची म्हणून हटून बसला. २०२२ मध्ये पोलो बंद झाल्यापासून चांगल्या टीएसआयचे भाव चढेच आहेत. आपल्याच भागातल्या एका दुकानात त्याला २०२० ची पांढरी पोलो दाखवली. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्यांना पत्र पोचल्यावर कळेलच. मागे 'टीएसआय', जाळीवर 'जीटी'. दुकानदार मोठ्या मनाने म्हणाला, "जीटीचा बिल्ला आधीच्या मालकाने हौसेने लावलाय, पण टीएसआय अस्सल आहे." इतका प्रामाणिक माणूस बघून पोराने २५,००० रुपये इसार देऊन टाकला. गाडी रस्त्यावर काढू दिली नाही. इन्शुरन्स संपलाय म्हणाले. आवारातच एक फेरी.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. इंजिन बंदच ठेवलं, क्लच दाबला आणि गिअर टाकून बघायला लागलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. गिअरच्या नॉबवर सहा आकडे छापलेले, दांडी मात्र सहाव्याच्या जागी जाईना. जोर लावला तरी लोखंडाला लोखंड लागावं तशी थांबते. दुकानातला पोरगा म्हणाला, "सहावा जाम आहे काका, इकडे वापरतंय कोण?" आता, पोलोच्या १.० टीएसआयचा मॅन्युअल गिअरबॉक्स सहाचा आणि साध्या, बिनटर्बोच्या १.० एमपीआयचा पाचचा. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर टर्बोचा पत्ताच नाही. मग आरसीची प्रत मागून घेतली. मॉडेलच्या रकान्यात सरळ 'एमपीआय' लिहिलेलं. म्हणजे ११० पीएस ताकदीची गाडी म्हणून ७६ पीएसची गळ्यात मारत होते. आणि इसार? "पावतीवर लिहिलंय बघा, परत मिळत नाही."

ती आरसी आदल्या दिवशी दाखवली असती तर अर्ध्या मिनिटात विषय संपला असता. माझं सगळं भांडण त्या अर्ध्या मिनिटाचं आहे.

बिल्ल्यांचा हा धंदा एका पोलोपुरता नाही. नॉब, बंपर, स्पॉयलर, बिल्ले सगळं बाजारात मिळतं आणि तुमच्यापैकी काहींना कुठे मिळतं ते तोंडपाठ आहे. मारुतीची वेगवान बलेनो आरएस घ्या. मार्च २०१७ मध्ये आली, १.० लिटर बूस्टरजेट (टर्बो) इंजिन, १०२ पीएस. खऱ्या आरएसच्या आरसीवर ९९८ सीसी असतात आणि चारही चाकांना डिस्क असते. साध्या पेट्रोल बलेनोची ११९७ सीसी आणि मागे ड्रम. मी मागच्या चाकात टॉर्च मारून ड्रमला लाल रंग फासलेला बघितलाय. कॅलिपर लाल रंगवतात हे ऐकलं होतं, ड्रम रंगवणारा कलाकार बेळगाव भागातच भेटला. पोलो जीटीआय तर भारतात २०१६ च्या शेवटी आली ती बाहेरून आयात केलेली, १.८ टीएसआय, १९२ पीएस, आणि ती फक्त तीन दारांची. तरी पाच दारांच्या पोलोवर 'जीटीआय' लावून "रेअर पीस आहे" म्हणणारे तुमच्यात आहेत. हो, रेअर तर आहेच; कंपनीने भारतात विकलीच नाही.

सीसी बघून नेहमी भागतं असंही नाही, म्हणून तर कागद आणि गाडी दोन्ही हवं. जुन्या पोलो जीटी टीएसआयची ११९७ सीसी आणि त्याच काळातल्या साध्या १.२ एमपीआयची ११९८. एका सीसीचा फरक, आणि ताकद १०५ विरुद्ध ७५ पीएस. पुढे १.० लिटरच्या जमान्यात तर दोन्हीकडे ९९९, फरकच नाही. १.२ ची जीटी टीएसआय सात गिअरच्या डीएसजीतच (क्लच पेडल नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येच) यायची, त्यामुळे ती क्लचवाली दिसली की तिथेच हात जोडावेत. फियाटच्या अबार्थ पुंटोचंही तसंच: टर्बो टी-जेट १३६८ सीसी आणि साधी १.४ पेट्रोलही १३६८ सीसी. तिथे मागची डिस्क, टर्बो आणि आरसीवरचं मॉडेल बघावं लागतं. स्कोडाची २०१७ पासूनची ऑक्टाव्हिया आरएस पेट्रोल, १९८४ सीसी; त्याच पिढीतल्या साध्या १.८ पेट्रोलची १७९८, आणि डिझेलची १९६८. डिझेल ऑक्टाव्हियाला 'आरएस' लावून ठेवणाऱ्याने निदान टाकीच्या झाकणावरचं 'डिझेल' तरी खरवडायचं. बीएमडब्ल्यूत 'एम स्पोर्ट' सजावटीचं पॅकेज म्हणजे कंपनीची खरी वेगवान 'एम' गाडी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि गिऱ्हाईकाला ठाऊक नाही असं तुम्ही धरून चालता.

आता चॅसिस नंबर. १७ अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पहिली तीन अक्षरं गाडी कुणी बनवली ते सांगतात. चाकणची गाडी आणि जर्मनीहून आलेली गाडी बहुतेक वेळा तिथेच वेगळी पडते. तो नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, कंपनीच्या प्लेटवर असतो, आरसीवर असतो, आणि हल्लीच्या बहुतेक गाड्यांत स्कॅनर लावला की कॉम्प्युटरही सांगतो. चारही ठिकाणी एकच नंबर आला पाहिजे. आरटीओत पासिंगच्या वेळी त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसा ठसा मी घेतो. खरा नंबर एका ओळीत, एका खोलीचा उमटतो. एखादा आकडा जास्त खोल, एखादा जरा तिरका, आणि आजूबाजूला ग्राइंडरच्या बारीक रेघा उमटल्या की गाडीकडे पाठ फिरवायची. पूर्ण ठोकलेल्या गाडीचे कागद घ्यायचे आणि चोरीच्या गाडीला तो नंबर मारायचा, हा प्रकार काही आजचा नाही. महागड्या आणि सुटे भाग न मिळणाऱ्या गाड्यांत त्याची भीती जास्त. चोरीची गाडी आहे का हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेत नंबर टाकून कुणालाही बघता येतं. पण नंबरच तुम्ही दाबून ठेवता.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. रिकामटेकडी पोरं येतात, टेस्ट ड्राइव्ह म्हणून गाडी पिळून घेतात, घ्यायची कुणालाच नसते. चॅसिस नंबरचे फोटो काढून कुणी दुरुपयोग करेल अशीही धास्ती असते. मान्य. मग फोटो काढू देऊ नका. गाडीपाशी उभं राहून डोळ्यांनी बघू द्या, आरसी हातात घेऊन जुळवू द्या. आणि टेस्ट ड्राइव्हला तुमचा माणूस स्टिअरिंगला बसवा, आम्ही शेजारी बसतो. टर्बो गाडी चढाला कशी ओढते ते शेजारी बसूनही कळतं.

मीटरचं काय सांगायचं? "३५ हजार फिरलीय, डॉक्टरांची गाडी." आपल्या भागात इतके डॉक्टर असते तर कुणाला उपचारासाठी कोल्हापूर-मिरजेला जावं लागलं नसतं. मीटर मागे घेतलेली गाडी मी एका गोष्टीवरून धरत नाही. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ३५ हजारांच्या गाडीला चारही टायर मूळ सोडून दुसरे, वेगवेगळ्या सालचे असतील तर प्रश्न विचारावा. ब्रेकच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगवरची झिलई बघावी. काचांवर साल असतं, सीटबेल्टच्या मुळाशी लेबल असतं. एकच काच नवी असेल तर ती का फुटली हेही विचारावं. हे सगळं अंदाजाचं. खरा पुरावा कंपनीच्या सर्व्हिसचा रेकॉर्ड. तो मालकाला मागितल्यावर मिळतो, आम्हाला मिळत नाही. गाडी विकायला घेताना तुम्ही मालकाकडून तो घेऊन ठेवायला काय हरकत आहे? मीटर मागे घेणारा बहुतेक वेळा समोरचं क्लस्टर (मीटरचा अख्खा संच) बदलतो किंवा त्यातलाच आकडा बदलतो. काही गाड्यांत इतर मॉड्यूलमध्येही (छोट्या कॉम्प्युटरमध्येही) किलोमीटर नोंदलेले असतात आणि चांगल्या स्कॅनरवर तो फरक उघडा पडतो. म्हणूनच "स्कॅनर लावायचा नाही, एरर येतात" हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतं.

पुराच्या गाड्यांवर मात्र मी जरा रागाने लिहिणार आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा सगळ्या नद्या एकदम उठल्या. कोल्हापूर-सांगलीत आणि आपल्याकडे माणसांचे संसार गेले, तशा गाड्याही पाण्याखाली गेल्या. इन्शुरन्सने 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या, धरलेल्या गाड्या भंगाराच्या भावात उचलायच्या, धुवायच्या, नवी सीट कव्हरं आणि अत्तराची बाटली ठेवायची आणि सीमा ओलांडून विकायच्या, हे करणाऱ्यांना शेजाऱ्यांचीही लाज वाटली नाही. साध्या गाडीचं वायरिंग एक वेळ वाळतं. डीएसजीचं मेकाट्रॉनिक्स (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग), टर्बो, एअरबॅगचं मॉड्यूल यांत गाळाचं पाणी गेलं की ते आज ना उद्या दगा देणार, आणि एअरबॅग दगा देते तेव्हा दुसरी संधी नसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्याची रेघ पट्ट्यावर दिसते. स्टेपनी काढून खळग्यात बोट फिरवा. सीटच्या रुळाखालचे बोल्ट आणि डॅशबोर्डच्या आतले कोपरे बघा, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात पोचत नाही.

आणखी एक त्रास आपल्या भागाचा खास. गाडी तीन राज्यांत फिरलेली असते. सर्व्हिस कोल्हापूरला, इन्शुरन्स पुण्याचा, दंडाच्या पावत्या गोव्यात, पासिंग भलतीकडचं. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्यांचा ओघही दक्षिणेकडे लागला. तुम्ही सांगता, "एनओसी (आधीच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) येतोय, काही काळजी करू नका." पण दुसऱ्या राज्यातली गाडी इकडे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या सगळ्यात जड करांत मोडतो. महागड्या गाडीला तो आकडा इतका होतो की स्वस्तात पडलेली गाडी स्वस्त राहत नाही. हा खर्च भाव सांगतानाच सांगा. मालकी बदलाच्या कोऱ्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर मालकाच्या सह्या घेऊन गाडी चार हातांतून फिरवणं बंद करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. म्हणजे ज्याने तुमच्यावर विश्वास ठेवून गाडी दिली, त्यालाच तुम्ही अडकवता.

रिमॅपचं थोडक्यात. इंजिनचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवलेली असेल तर तसं सांगा. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरबदलांचं कलम ५२ आणि इन्शुरन्स हा पुढचा विषय. पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्सने काय सोसलंय ते घेणाऱ्याला आधी कळायला हवं.

आता कायद्याचं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्राचे नियम लागू आहेत. नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचं, मालकाने गाडी तुमच्या ताब्यात दिली की ते ऑनलाइन कळवायचं, आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी तुमची. गाडी बाहेर काढली तर कुणी, कशासाठी, किती किलोमीटर याची नोंद ठेवायची. हे नियम तुमच्याही भल्याचे आहेत. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे माल अमुक दर्जाचा, अमुक मॉडेलचा आहे असं खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. एमपीआयला टीएसआय म्हणणं हे त्यात तंतोतंत बसतं. त्यासाठी आम्हाला बंगळूरला जावं लागत नाही, तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. दुकानात उभ्या गाडीची नंबरप्लेट झाकू नका. इसार घेण्याआधी आरसी दाखवा आणि गाडीवरचा चॅसिस व इंजिन नंबर तिच्याशी जुळवू द्या. आरएस, जीटी, अबार्थ, एम असा काहीही बिल्ला लावून भाव मागत असाल तर मूळ मॉडेलचं नाव पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा आणि खाली लिहा की हे खोटं निघाल्यास इसार पूर्ण परत. थंड इंजिन आमच्यासमोर सुरू करा. आम्ही यायच्या आधी गरम करून ठेवू नका. स्कॅनर आणि लिफ्टवर तपासणी गिऱ्हाईकाच्या खर्चाने, त्याच्या पसंतीच्या मेकॅनिककडे होऊ द्या. सर्व्हिस रेकॉर्ड, बँकेच्या कर्जाचा बोजा, बाकी दंड आणि इथला कर, हे चारही एका कागदावर आधीच मांडा. अटी कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही छापा. निपाणी-खानापूरच्या गिऱ्हाईकाकडून पैसे घेताना मराठी चालते, तर पावतीवरही चालावी. अधिकारपत्र घेतलं असेल तर ते गल्ल्यामागे दिसेल असं लावा.

माझ्या भाच्याचा इसार पंधरा दिवसांत परत आला नाही तर पावती, आरसीची प्रत आणि त्या सहा आकड्यांच्या नॉबचा फोटो घेऊन आम्ही ग्राहक आयोगात जाणार आहोत. ते त्या एका दुकानापुरतं. बाकीच्यांना माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्यात नीट धंदा करणारे आहेत. निपाणीकडच्या एकाने मी काही बोलायच्या आधीच गाडी लिफ्टवर चढवली आणि मागचा एप्रन (आतला पत्रा) बदललेला आहे हे स्वतः दाखवलं. ती गाडी आम्ही घेतली. वरच्या अटी ज्यांना मान्य आहेत त्यांनी दुकानाबाहेर तसं लिहून लावावं. पुढच्या वेळी टॉर्च घेऊन निघालो की मुलांना आधी त्याच दुकानांत घेऊन येईन.

कळावे,
उद्यमबागेतला एक टर्नर,
बेळगाव